जागे राहा, पण कशासाठी?



आपल्या धर्मग्रामात नवीन राहायला आलेल्या कुटुंबाच्या घरी आम्ही आशीर्वाद द्यायला जातो. घर रेल्वेलाईनच्या कडेला असले तर एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. "फादर, रात्रभर झोप नाही. गाडी गेली की खिडकीच्या काचा वाजतात." आम्ही हसून म्हणतो, "थोडे दिवस जाऊ द्या." महिन्या-दीड महिन्याने तीच मंडळी रविवारी मिस्सेनंतर भेटतात, तेव्हा आम्ही मुद्दाम विचारतो, "काय, गाड्यांचा त्रास आहे का अजून?" ते क्षणभर आमच्याकडे बघत राहतात. कुठल्या गाड्या, हेच त्यांना आठवावे लागते. गाड्या काही कमी झालेल्या नसतात आणि कानही तेच असतात. फक्त मनाने तो आवाज ऐकणे सोडून दिलेले असते.

गाडीच्या आवाजाबाबत ही देवाची कृपाच म्हणायची, नाहीतर कळव्यात कोणाला झोपच लागली नसती. पण सदसद्विवेकबुद्धीचेही असेच होते. पहिल्यांदा खोटे बोलताना जीभ अडखळते. पहिल्यांदा हिशेबात दोनशे रुपये इकडचे तिकडे केले की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. सख्ख्या भावाशी बोलणे टाकले की पहिल्या नाताळाला घास घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या नाताळाला तो उतरतो. पाचव्या नाताळाला आपल्याला भाऊ आहे, हेच आठवेनासे होते. आतला आवाज बंद झालेला नसतो, आपल्याला त्याची सवय झालेली असते.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. आपल्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात शुभवर्तमान बदलते. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. पण या रविवारचा निरोप मात्र बदलत नाही. तिन्ही वर्षी प्रभू येशू आपल्याला एकच सांगतो: जागे राहा. नाताळचे तारे, गोठा, करंज्या या सगळ्यांच्या आधी ख्रिस्तसभा हा निरोप आपल्यापुढे ठेवते. यंदा आम्हाला वाटले की त्याच्याशी निगडित एका अवघड प्रश्नाचा आपण मिळून विचार करावा. प्रश्न असा: जो झोपला आहे, त्याला दोष कसा द्यायचा? ज्याला कळलेच नाही, तो पापी कसा?

"मला कळलेच नाही" हे वाक्य आपण सगळेच वापरतो. मुलगा वाईट संगतीला लागला, मला कळलेच नाही. आई आतून खचत चालली होती, मला कळलेच नाही. दारू कधी वाढली, कळलेच नाही. पुष्कळदा हे खरेही असते, आणि जिथे ते खरे असते तिथे देव कोणाला दोषी धरत नाही. पण ते नेहमीच खरे असते का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आमच्यापुढे आला होता. सॉक्रेटिसचे म्हणणे असे होते की जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही. माणूस वाईट वागतो तो अज्ञानापोटी. ऐकायला हे बरे वाटते, पण अनुभवाला पटत नाही. सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र बघूनच माणूस सिगारेट पेटवतो. अॅरिस्टॉटलला ही अडचण जाणवली, आणि त्याने एक मार्मिक गोष्ट सांगितली. ज्ञान असणे आणि ते जागे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोपलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाजवळ ज्ञान असते, पण त्या घडीला ते त्याच्या उपयोगाला येत नाही. मोहाच्या क्षणी माणसाची अवस्था अशीच असते. त्याला ठाऊक असते, पण ते ठाऊक असणे झोपलेले असते.

मग प्रश्न उरतो, त्याला झोपवले कोणी? संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञान पापाचे ओझे कमी करते का, याचा बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या शिकवणीचा सारांश असा की जे जाणून घेणे आपल्या हाती नव्हते, त्याचा दोष आपल्यावर येत नाही. पण जे जाणून घेणे आपले काम होते आणि आपण मुद्दाम जाणून घेतले नाही, ते अज्ञान आपली सुटका करत नाही. कळले असते तर काहीतरी करावे लागले असते, म्हणून आपण कळून घेतले नाही. ही झोप आपणच आपल्याला लावलेली असते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो, पण आम्हाला ते समजले पुष्कळ वर्षांनी, आणि स्वतःच्याच चुकीतून. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. संध्याकाळच्या मिस्सेनंतर पन्नाशीचे एक गृहस्थ साक्रिस्तीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "फादर, जरा बोलायचे होते." सणाच्या हिशेबाची बैठक होती, मंडळी वर वाट बघत होती. आम्ही म्हटले, "रविवारी निवांत या." ते "बरं" म्हणाले आणि गेले. रविवारी ते आले नाहीत. नंतर समजले की ते घर सोडून निघून गेले होते. चार महिने घरच्यांनी शोध केला. देवाच्या दयेने ते परत आले. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होते, फादर?"

ते आम्हाला मोकळे करत होते, पण त्यांचे म्हणणे खरे नव्हते. आम्हाला ठाऊक होते. त्यांचा चेहरा आम्ही पाहिला होता. हा माणूस रविवारपर्यंत थांबण्यासारखा नाही, हे त्या एका क्षणात जाणवलेही होते. पण ते मान्य केले असते तर बैठक सोडावी लागली असती. म्हणून आम्ही ते जाणवणे बाजूला सारले आणि जिना चढून गेलो. कळले नाही असे नाही, कळून घेतले नाही. आजवर केलेल्या पापनिवेदनांत आम्हाला सर्वांत जड गेलेले पापनिवेदन हेच.

एका माणसाची डुलकी अशी असते. पुष्कळ माणसांनी मिळून डोळे मिटले तर काय होते, हे आपण आपल्याच भागात पाहिले आहे. 2013 साली पुनरुत्थान रविवार 31 मार्चला होता. त्याच आठवड्यात गुरुवारी, 4 एप्रिलला संध्याकाळी, आपल्या पारसिकच्या डोंगरापलीकडे शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठव्याचे काम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. 74 जीव गेले. त्यांत लहान मुले होती, आणि दुसऱ्यांची घरे बांधता बांधता स्वतःचा जीव गमावलेले मजूर होते. इमारतीला परवानगी नव्हती. पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेच्या आणि पोलीस दलातल्या माणसांनाही अटक झाली. कोणाचा किती दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि आम्ही इथे कोणाचा निवाडा करत नाही. स्वस्तातले घर शोधत तिथे आलेल्या गरिबांचा तर मुळीच नाही. आपल्यातल्याही कितीतरी जणांनी परवडेल तिथे घर घेतले आहे. डोक्यावर छप्पर हवे असणे हे पाप नव्हे.

पण त्या इमारतीचा विचार मनातून जात नाही, तो एका कारणामुळे. ती एका रात्रीत उभी राहिली नव्हती. पहिला मजला झाला तेव्हा तो दिसत होता, दुसरा झाला तेव्हाही दिसत होता. सात मजल्यांची इमारत लपवून ठेवता येत नाही. 74 माणसांना मारायचे, असे कोणीही ठरवले नसेल. प्रत्येकाने आपल्यापुरता एक मजला चढू दिला असेल. एवढ्याने काय होते, बाकीच्यांनी बघावे, मी एकट्याने बोलून काय उपयोग, अशी आपली मनेही बोलतच असतात. पाप बहुधा असेच बांधले जाते. सैतान आपल्याकडे येऊन आठ मजल्यांचा नकाशा दाखवत नाही. तो फक्त आजच्या दिवसाच्या विटा मागतो.

म्हणून या आगमनकाळात प्रत्येकाने स्वतःला विचारावे, माझ्या आयुष्यात परवानगीशिवाय कोणते मजले चढत आहेत? कारखान्यात न तपासताच "तपासले" म्हणून सही करण्याची सवय. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार पुढच्या आठवड्यावर ढकलण्याची सवय. घर झोपल्यावर हातात घेतलेला मोबाईल, आणि बायको किंवा आई खोलीत आली की घाईने उलटा ठेवलेला मोबाईल. वडिलांच्या घराची वाटणी होईपर्यंत भावाच्या दारात पाऊल न टाकण्याची शपथ, आणि तरीही दोघे भाऊ एकाच रांगेतून ख्रिस्तशरीर स्वीकारायला येतात. यांतली एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली तर लहान वाटते. पण मोठ्या भाराखाली खचते ती इमारत अशा लहान लहान मजल्यांचीच असते.

इथे कोणी म्हणेल, "फादर, बोलणे सोपे आहे. पहाटे साडेचारला उठून डबा करायचा, गर्दीत लटकत जायचे, रात्री नऊला परत यायचे. आम्ही शरीरानेच जागे राहू शकत नाही, आत्म्याने कुठून राहणार?" हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. प्रभू येशूनेही ते तसे नेले नाही. गेथशेमाने बागेत त्याने तीन शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले आणि ते झोपले. लूक सांगतो की ते दुःखाने थकून झोपले होते. म्हणजे त्यांची झोप दुष्टपणाची नव्हती. दुःखी आणि दमलेल्या माणसांची ती झोप होती. प्रभूला त्याचे वाईट वाटले, पण आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त असतो, हेही त्यानेच ओळखले. आणि बागेत झोपलेल्या त्याच पेत्राच्या नावाच्या पत्रात पुढे आपल्याला सावध राहण्याचा उपदेश वाचायला मिळतो, कारण सैतान सिंहासारखा फिरत असतो. कधीही न झोपलेल्या माणसाचा हा उपदेश नाही. झोपलेल्या, रडलेल्या आणि पुन्हा उठवलेल्या माणसाचा तो आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्या पाचही झोपल्या! प्रभूने त्यांना झोपेबद्दल बोल लावलेला नाही. फरक होता तो तेलाचा. शहाण्या कुमारिकांना ठाऊक होते की आपल्याला डुलकी लागणार, म्हणून त्यांनी जागेपणीच तेलाची सोय करून ठेवली होती. आपल्यापैकी जे रेल्वेत कामाला आहेत, त्यांना मोटरमनच्या हाताखालचे ते हँडल ठाऊक आहे. गाडी चालवताना ते दाबून धरावे लागते, आणि हात सुटला की गाडीला आपोआप ब्रेक लागतात. चांगल्यातल्या चांगल्या मोटरमनलाही कधी भोवळ येऊ शकते, हे मानूनच ती सोय केलेली आहे. मोटरमनवर अविश्वास म्हणून नव्हे, तर मागे हजारो माणसे बसलेली असतात म्हणून. आपल्या आत्म्याचेही तसेच आहे. मोहाच्या क्षणी मी खंबीर राहीन, असे म्हणणारा माणूस भाबडा. त्या क्षणी मी डुलकी घेण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच सोय करून ठेवतो, असे म्हणणारा शहाणा.

ही सोय कोणती? आम्ही तीनच गोष्टी सुचवतो.

पहिली, रोजची पाच मिनिटे. संत इग्नाटियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करायला शिकवले. आपण एकदा तरी करू. घरी जमत नसेल तर परतीच्या गाडीत, ठाणे आले की डोळे मिटून. "मी किती वाईट आहे" असे उगाळत बसू नये, त्यातून काही निष्पन्न होत नाही. एकच प्रश्न विचारावा: आज मी कशाकडे पाहायचे टाळले? उत्तर बहुधा लगेच मिळते, कारण ते आपल्याला ठाऊकच असते.

दुसरी, आपल्याला उठवणारा एक माणूस. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला आपली केले, उरीयाला मरणाच्या तोंडी दिले, आणि तरीही तो शांतपणे राज्य करत राहिला. नाथान संदेष्ट्याने श्रीमंत माणसाची आणि गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद संतापला, आणि तो माणूस आपणच आहोत हे त्याला नाथानकडून ऐकावे लागले. एवढा देवाचा लाडका राजा, पण त्यालाही आपली झोप आपण होऊन मोडता आली नाही. मग आपल्याला तरी कशी मोडेल? बायको, नवरा, मित्र, लहान ख्रिस्ती समूहातले कोणी, ज्याला आपण सांगितले आहे की "मी चुकतोय असे दिसले तर बोल," असा एक तरी माणूस प्रत्येकाला हवा. आणि तो बोलला तर आपण चिडू नये. झोपेतून उठवणाऱ्यावर चिडणे स्वाभाविक आहे, पण उशीर होऊन गाडी चुकली की आपण त्यालाच विचारतो, "उठवले का नाहीस?"

तिसरी, पापनिवेदन. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात स्वतःची तुलना अंथरुणात लोळणाऱ्या माणसाशी केली आहे. उठायला हवे हे त्याला पटलेले असते, झोपून राहणे बरे नव्हे हेही कळत असते, पण थोडे आणखी, थोडे आणखी म्हणत तो पुन्हा कुशीवर वळतो. वर्षानुवर्षे ते असेच वळत राहिले. आपल्यातले काही जण पाच-सहा वर्षांपासून "पुढच्या नाताळाला नक्की" म्हणत आहेत. पापनिवेदन म्हणजे अंथरूण सोडण्याचा क्षण. एकदा पाय जमिनीला टेकले की पुढचे तेवढे अवघड नसते.

शेवटी, मथळ्यात विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. जागे राहायचे, पण कशासाठी? देव चोरपावलांनी येऊन आपल्याला पकडेल या धाकाने? भीतीने जागा राहिलेला माणूस फार काळ टिकत नाही. तो थकतो, चिडचिडा होतो, दुसऱ्यांच्या चुका मोजू लागतो. रेल्वेलाईनच्या कडेच्या ज्या घरांविषयी सुरुवातीला बोललो, त्यांतल्याच एका घरात आम्ही बाळाचा बाप्तिस्मा ठरवायला गेलो होतो. बाळाची आई सांगत होती, "फादर, रात्री गाड्या धडधडत जातात, मला काही ऐकू येत नाही. पण पाळण्यात हा नुसता कुरकुरला तरी मी उठून बसलेली असते."

त्या आईला कोणी पहाऱ्यावर बसवलेले नाही. ती दिवसभर राबते आणि रात्री गाढ झोपते. तरी तिच्यातले काहीतरी जागे असते, कारण तिचे त्या बाळावर प्रेम आहे. आपण ज्याच्यावर प्रेम करतो, त्याचा बारीकसा आवाजही आपल्याला झोपेतून उठवतो. जागृत ख्रिस्ती जीवन म्हणतात ते एवढेच आहे. आम्ही त्या संध्याकाळी जिना चढून गेलो, कारण हिशेबाच्या बैठकीचा आवाज आम्हाला दारातल्या माणसापेक्षा मोठा वाटला. कान बरे होते, प्रेम कमी पडले.

चार आठवड्यांनी गोठ्यात एक बाळ ठेवले जाईल. त्याचा आवाज फार मोठा नसेल. तो कधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोकण्यात असेल, कधी न बोलणाऱ्या भावाच्या मुलाने रस्त्यात मारलेल्या हाकेत, कधी पगार मागायला संकोचणाऱ्या बाईंच्या गप्प राहण्यात. गाड्या चालूच राहतील. त्या आवाजात आपल्याला तो लहानसा आवाज ऐकू यावा, यासाठी आज आगमनचक्रावरची पहिली मेणबत्ती पेटवताना आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, आम्ही दमलेली माणसे आहोत, हे तू जाणतोस. आम्हाला झोप लागली तर रागावू नकोस, उठव. ज्याच्याकडे पाहायचे आम्ही टाळतो, त्याच्याकडे आमचे तोंड वळव. आमच्या दिव्यात रोज थोडे तेल घाल, आणि तू आलास की तुझा आवाज ओळखण्याइतके प्रेम आमच्या मनात राहू दे. आमेन.

पापनिवेदनासाठी आम्ही दर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी चर्चमध्ये बसलेलो असू. आणि ज्यांना नुसतेच बोलायचे असेल, त्यांनी कधीही यावे. रविवारी या, असे आता आम्ही म्हणणार नाही.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू